घराची किंमत ठरण्याच्या आदल्या दिवशी

नोकरीतली मोठाली प्रकरणं मी बरीचशी विसरले, पण पारनेर तालुक्यातली एक साधी चोरी अजून जशीच्या तशी आठवते. मी तिथे उपनिरीक्षक होते. सकाळची हजेरी चालू असताना नागापूरच्या एमआयडीसीत फिटर असलेला एक माणूस ठाण्यात आला. वडील वारल्यापासून गावाकडचं घर बंद होतं. त्यातली आतली सागवानी दारं, खिडक्यांच्या जाळ्या आणि पाण्याची मोटर गेली होती.

वारस दोनच, तो आणि त्याची थोरली बहीण. घर आपण ठेवायचं आणि निम्मी किंमत बहिणीला द्यायची, असं त्याने ठरवलं होतं. त्यासाठी दुसऱ्याच दिवशी सरकारमान्य इंजिनिअर घराचं मूल्यांकन करायला येणार होते. ते पुढे ढकलावं लागलं.

गुन्हा नोंदवून मी पंचनाम्याला गेले. पुढच्या दाराचं कुलूप शाबूत होतं. उघड्या खिडक्यांना पोती बांधलेली, कबुतरं शिरू नयेत म्हणून. आणि घर झाडलेलं होतं. चोर केर काढत नाहीत, एवढं कळायला पोलीस असावं लागत नाही.

किल्ल्या दोनच होत्या, एक त्याच्याकडे, एक बहिणीकडे. किंमत उतरली तर बहिणीला कमी द्यावं लागणार, म्हणजे फायदा त्याचाच. मी त्याला दोन तास बसवून तेच तेच विचारलं.

"मॅडम, किंमत करनाऱ्या साहेबाला मीच बोलावलंय. चोरी करून मीच तक्रार द्यायला यीन व्हय?"

"येतात लोक."

"येत आसतील. मी न्हाई."

तिसऱ्या दिवशी बाजारात एका टेम्पोवाल्याने आमच्या हवालदाराला खबर दिली. एका बाईने भर दुपारी त्याच्या टेम्पोतून दारं नेली होती. खरचटू नयेत म्हणून खाली गोधड्या अंथरल्या होत्या आणि प्रत्येक खड्ड्याला त्याला शिव्या घातल्या होत्या.

ती बाई म्हणजे बहीणच. सगळा माल तिच्या सासरी गोठ्यात झाकून ठेवलेला मिळाला. ठाण्यात आणली तर पदर खोचून समोर बसली.

"दारं का नेली?"

"किंमत उतरावी म्हनून."

"मग तुमचाच हिस्सा कमी झाला असता."

"मला नगंच हाय हिस्सा. हक्कसोड लिहून देते म्हनलं, तर ह्यो घेत न्हाई. म्हनतो, लोक म्हनतील बहिनीला बुडवलं. निम्मी किंमत द्यायला ह्याला घरच विकावं लागंल, मॅडम. मग आमच्या बापाच्या घरात दुसरंच कोन तरी राहील."

भाऊ शेजारीच उभा होता. "आक्का, तुझ्यामुळं दोन तास माझी चौकशी झाली."

"लई बरं झालं. माझं कदी दोन मिनिटं तरी ऐकलंस का?"

हवालदार तोंड फिरवून हसला. मी त्या इंजिनिअरना फोन लावला. ते म्हणाले, "दारांनी काय फरक पडणार? घर डांबरी रस्त्याला लागून आहे. खरी किंमत जागेची." हे सांगितल्यावर बाईचा चेहरा पहिल्यांदा पडला.

मग मी दोघांना विचारलं, "घर विकायचं नसेल तर किंमत हवी कशाला? उताऱ्यावर दोघांची नावं लावा. राहायचं याने राहावं. तिचा हक्क शाबूत, याच्यावर बोल नाही."

भावाने बहिणीकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "मंग ही कदी पन यिऊन बसंल."

"आत्ता काय तुला इचारून येते व्हय?"

त्याने मान डोलावली. मी दोघांचे जबाब घेतले आणि तक्रार गैरसमजातून झाली होती, असा अहवाल कोर्टात पाठवला. आम्ही त्याला 'क समरी' म्हणतो.

फायदा कोणाचा, हे आधी बघायला आम्हाला शिकवतात. मी तेवढंच बघितलं आणि एका सरळ माणसाला नाहक त्रास दिला. त्यानंतर मालमत्तेच्या प्रत्येक तक्रारीत मी आणखी एक प्रश्न विचारत गेले: इथे स्वतःचं नुकसान कोणाला चालणार आहे? बहुतेक वेळा उत्तर आलं, कोणालाच नाही. तरी निवृत्त होईपर्यंत मी तो प्रश्न सोडला नाही.