दोन तासांचं विमान

दादा दिल्लीला नोकरीला लागला तेव्हा आई चार दिवस धड जेवली नव्हती. मग त्यानेच समजूत काढली, "अगं, दिल्ली म्हणजे काय? दोन तासांचं तर विमान!" झालं. आईने त्या दोन तासांची गाठच मारून ठेवली. आमच्या झरीहून डहाणू रोडला जाऊन बाजार करून यायलासुद्धा त्याहून जास्त वेळ लागतो, असं येईल-जाईल त्याला ऐकवायची. मुंबईचा विमानतळ आणि आमचं अंगण यांच्यामधला रस्ता तिच्या हिशेबात कधी आलाच नाही. वर्षातून एकदा उगवणाऱ्या दादानेही तो कधी सांगितला नाही.

२०१८च्या थंडीत ती अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले. घरी तरी कुठे? भूकंपाचे धक्के सुरू होते, सगळं गाव बाहेर झोपत होतं. आम्हीही अंगणात ताडपत्री बांधून तिची खाट तिथेच टाकली होती.

त्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. मी तो तिच्या कानाला लावला. "आई, विमानात बसतोय गं," एवढंच तो बोलला. तिचा चेहरा असा उजळला की मला मेलीला हेवा वाटला. मग मी पाण्याचा चमचा पुढे केला, तर तिने तोंड फिरवलं.

"तोच पाजेल आता," म्हणाली. "दोन तासांत येतोय."

शेवटचं पाणी मुलाच्या हातचं हवं, हे मला कळत होतं. पण तिचे ओठ पार सुकून फाटले होते. "आई, एक घोट माझ्या हातचा घे, मग त्याच्या हातचं घे," मी गयावया केली. नाही म्हणजे नाही! इतके दिवस हिचं गू-मूत मी काढलं, आणि माझं पाणी नको? असा संताप आला की चमचा भिरकावून द्यावासा वाटला. दिला नाही. पुन्हा पुढे केला. तिने दात घट्ट मिटून घेतले.

उन्हं वर आली. ताडपत्रीच्या कडेने एक विमान मुंबईकडे जाताना दिसलं. आमच्यावरून रोजच जातात, ते दादाचंच होतं की नाही देव जाणे. आईने बोट वर केलं. "आला बघ, बाय. पाणी भरून ठेव." मी तांब्या भरून उशाशी ठेवला. दुसरं काय करणार होते?

डोक्यावरून गेलेला दादा मुंबईला उतरून हायवेने तेवढंच अंतर उलटा येत राहिला. घोडबंदरला अडकलोय, म्हणाला. मग वसईच्या पुढे अडकलोय, म्हणाला. आई विचारायची, "उतरला का?" मी हो म्हणायचे. दुपारी ती विचारेनाशी झाली. मग गेलीच.

दादा पोचला तेव्हा दिवेलागण होत होती. त्याने तांब्यातलं पाणी तिच्या तोंडात घातलं. ते गालावरून ओघळून उशीत मुरलं.

"विमान अगदी वेळेवर होतं गं," तो रडत म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "आईने पाहिलं."