बंद गाडीतली शिट्टी

काल घाटकोपरच्या सिग्नलला गाडीत बारीक शिट्टी वाजायला लागली. मी म्हटलं, इंजिनात काहीतरी बिघडलंय. शेजारी बसलेली लेक म्हणाली, "आई, ही बॅटरीची गाडी आहे. हिला कुठलं इंजिन?"

आणि मला चारकोपचं ते गॅरेज आठवलं, तापलेल्या ऑइलच्या वासासकट. बाबांच्या जुन्या, लाडक्या गाडीचं बॉनेट उघडं होतं. आत शिट्टी वाजतेय, असं ते कधीपासून सांगत होते. मेकॅनिकने पट्टा बदलला, प्लग बदलले, मग इंजिनाजवळ कान नेऊन म्हणाला, "काका, मला तर काहीच येत नाही ऐकू."

"तुला गं?" बाबांनी मला विचारलं. मलाही येत नव्हतं. मेकॅनिकने गाडी बंद केली. बाबा मान तिरकी करून ऐकतच राहिले.

"बघ, अजून वाजतेय."

बंद गाडी वाजेल कशी, तिघांनाही कळेना. शेवटी बाबांनी ती विकून टाकली. पुढे बसमध्येही ते मधूनच तशी मान करायचे.

काल घरी पोचल्यावर मी गाडी बंद केली. शिट्टी चालूच होती.

"आई," लेक म्हणाली, "मान अशी तिरकी का केलीस?"