रबराने खोडलेला वाडा

आबासाहेबांची नि माझी पहिली भेट लढाईच्या दिवसांत साताऱ्याच्या नकाशा-कचेरीत झाली. तरुण मंडळी पलटणीत गेली होती, म्हणून माझ्यासारख्या पन्नाशीच्या विधवेला नकाशे गिरवण्याचे काम मिळाले. कुंडलचे आबासाहेब कचेरीचे मुख्य. माझ्या कॉन्व्हेंटी मराठीला सगळे हसत. ते मात्र रोज एक शब्द शिकवीत. एक तेवढा राहून गेला.

वडूजपुढच्या माळावर सरकारला शास्त्रज्ञांची गुप्त वसाहत वसवायची होती. बंगले, शाळा, दवाखाना, भोवती तारेचे कुंपण. गावाला नाव नाही, नुसता क्रमांक. बंगल्यांपुढच्या बागा मी हौसेने रेखाटल्या. प्रयोगशाळा पूर्वेच्या टोकाला होत्या. त्यांच्यापलीकडे मोजणीच्या कागदावर ‘वाडा’ असे लिहिले होते. विमानातून काढलेल्या फोटोंत दगडी इमारत दिसेना, म्हणून चूक समजून मी तो शब्द खोडला.

पुढे आबासाहेबांबरोबर जागा पाहायला गेले. तिथे मेंढरे, पाले, भाकरी थापणाऱ्या बायका! “इथे वाडा कुठे आहे?” मी बिरूतात्या नावाच्या वृद्ध धनगरांना विचारले.

“आवं बाई, वाड्यातच हुब्या हायसा की! मेंढरं न् आमी मिळून वाडा. कागदावर न्हाई व्हय आमी?”

आबासाहेबांनी चटकन विचारले, “तात्या, वारं कुठनं येतं?”

“मावळतीकडनं. लय झोंबतंय.”

परतताना आबासाहेब हळूच म्हणाले, “बाई, तिथं विषारी वायूचे प्रयोग व्हायचे आहेत. नकाशा पाहून, वाऱ्याच्या वाटेवर पुढं माणूस नाही, असं मी लिहून दिलंय.”

इतके दिवस मी तिथे फुलझाडे काढत होते.

वसाहतीचे काम पाहणारे वरचे साहेब म्हणाले, “मेंढपाळांना हाकलून देऊ.”

“पाण्यासाठी ते परत येणारच. माझी सही मिळणार नाही,” आबासाहेबांनी सांगितले, आणि नकाशावर तांबड्या शाईने लिहिले : ‘वाडा. येथे माणसे राहतात.’

“आधी हा शब्द कोणी खोडला?” साहेबांनी विचारले.

“मी,” आबासाहेब म्हणाले.

त्या माळावर वसाहत झाली नाही. आबासाहेबांना मात्र खालच्या जागेवर सांगलीला धाडले. पुढे ते कित्येकदा भेटले. त्यांनी तो विषय कधी काढला नाही, मलाही धीर झाला नाही.

आज त्यांच्या साठीनिमित्त आपणा सर्वांसमोर सांगते : तो शब्द मी खोडला होता. आबासाहेब, मला रागावायचे तुमचे राहूनच गेले आहे. सावकाश रागवा, त्यासाठी पुष्कळ वर्षे धडधाकट राहा.