राहुरीला पक्कं झालेलं लग्न

आमच्या आबांना कधी साधं पडसं झालेलंही मला आठवत नाही. दिवसभर औतामागं चालायचे आणि संध्याकाळी पारावर तरण्या पोरांना पंजा लढवून हरवायचे. अशा माणसाला आईनं "छातीचा एक्सरे काढून या" म्हटल्यावर घरात भांडण पेटणारच होतं.

सुरुवात झाली बैलांपासून. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आबा बैलजोडीला घटसर्पाची लस टोचून आणत. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीही आणली आणि ओट्यावर बसून शेजाऱ्याला शहाणपण शिकवू लागले, "जनावर आडवं पडल्यावं टोचून काय उपेग? धडधाकट हाय तवाच टोचायचं आसतं."

आईनं तिथल्या तिथं पकडलं. "मंग मान्सानं काय पाप केलंय?"

आईचा भाऊ क्षयानं गेला होता. त्याचा आजार कळला तेव्हा उशीर झाला होता, हे आबांनाही ठाऊक होतं. दोन दिवस भांडून शेवटी आईचं म्हणणं त्यांना पटलं. अडचण होती ती माझ्या लग्नाची.

नेवाशाकडचं स्थळ होतं. साखरपुडा झालेला. एक्सरेची सरकारी गाडी तेव्हा गावोगाव फिरायची, पण तिच्यापुढं जो उभा राहील त्याला क्षय झालाच असं आमच्याकडं धरून चालत. मग त्या घरची पोरगी कोण करणार? शेवटी आबांनी शक्कल काढली. गाडी राहुरीला आली की तिकडं जायचं. तिथं आपल्याला कुत्रंसुद्धा ओळखत नाही. गावात सांगायचं, तिथल्या शेतकी विद्यापीठातून बियाणं आणायला चाललोय.

"माझापन काढा," मी हट्टच धरला. मला ती गाडी आतून बघायची होती, दुसरं काही नाही! नगरला एसटी बदलून आम्ही तिघं राहुरीला पोचलो. लांबलचक निळी गाडी, आत घरघरणारं यंत्र, लोक एका दारानं चढत होते नि दुसऱ्या दारानं उतरत होते. मला जत्रेत आल्यासारखं वाटत होतं.

आणि रांगेत आमच्यापुढं दोन माणसं सोडून माझे होणारे सासरे उभे!

आईनं पदर नाकापर्यंत ओढला. आबा वळून पळण्याच्या बेतात होते, तेवढ्यात पाहुण्यांनी मागं बघितलं. दोघांचेही चेहरे चोरी पकडल्यासारखे.

"पावनं, तुमी हिकडं कुटं?" आबांनी विचारलं.

"बियानं न्यायला आल्तो. तुमी?"

"आमीबी बियानंच."

दोघांच्याही हातात पिशवी नव्हती. मला असं हसू फुटलं की मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मग पाहुणेच हसले, आबा हसले, आणि बियाण्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. पाहुण्यांनाही मुलाच्या लग्नाआधी स्वतःची खात्री करून घ्यायची होती आणि त्यांनाही गावाची तीच धास्ती होती. मुलगाही बरोबर आला होता. कुणी बघू नये म्हणून त्याला लिंबाखाली उभं केलं होतं. मी चोरून पाहिलं. तोही बघतच होता.

फोटो निघाले. फिल्म धुऊन होईपर्यंत सगळे सावलीला बसलो. आमच्या तिघांच्या छात्या स्वच्छ निघाल्या. मग पाहुण्यांना आत बोलावलं. ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"डाग हाय म्हन्त्यात," ते म्हणाले. "खोकला न्हाई, ताप न्हाई. आजून दंड-बैठका मारतो मी. डाक्टर म्हन्ले, लई लवकर घावलाय, औशिदानं बरा व्हईल." मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि आबांकडं न बघता म्हणाले, "पावनं, सोयरीक मोडायची आसंल तर मोडा. माजा राग न्हाई."

आबा खाली मान घालून काडीनं मातीत रेघोट्या ओढू लागले. आईचा हात माझ्या दंडावर घट्ट झाला. तिच्या डोळ्यांपुढं तिचा भाऊच उभा राहिला असणार. आता "नको" हा शब्द येणार हे मला कळलं, आणि मला तो नको होता. त्या काळी पोरींना कुणी विचारत नसे. मला कुणी विचारलंही नव्हतं. तरी मी होणाऱ्या सासऱ्यांकडं वळून बोललेच; सासऱ्यांना आमच्याकडं मामाच म्हणतात.

"मामा, तुमी उटून घरी गेला आसता तर आमाला काय कळनार हुतं? आबा, दुसऱ्या घरात डाग न्हाई आसं तुमाला कोन सांगनार? हितं निदान म्हाईत तर हाय. मी करीन तर ह्याच घरात."

आबांनी मान वर केली. माझ्याकडं असं बघितलं की आता थोबाडीत बसते असं वाटलं. मग ते लिंबाकडं वळून ओरडले, "आवं जावईबापू, तितं काय हुबं? चढा की गाडीत! तुमचाबी बघू द्या."

त्याची फिल्म धुऊन होईपर्यंत मी किती देव आठवले ते विचारू नका. स्वच्छ निघाली! तो सदऱ्याची बटणं खालीवर लावून खाली उतरला आणि मी आई-आबांसमोर लाज सोडून हसले. इतका आनंद मला पुढं मांडवातही झाला नाही.

मामांनी सुया टोचून घेतल्या, गोळ्या गिळल्या, एक दिवस चुकू दिला नाही. ते बरे झाल्यावरच लग्नाची तिथी धरली. पुढं एकदा तीच गाडी माझ्या सासरच्या गावात आली. दारं लावून लोक आत बसले होते. मामांनी धुतलेला सदरा घातला आणि मला हाक मारली, "चल सूनबाई."

मागच्या पांदीनं जाऊ या का, मी विचारलं.

"मागनं कशापायी? पेठंतनं जाऊ. समद्यास्नी दिसाय पायजे, आपन धडधाकट चाल्लोय म्हनून."