साडूंचा पोळपाट

सोपी गोष्ट अवघड करण्यात आमच्या थोरल्या साडूंच्या पासंगाला पुरेल असा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही. देवळाली प्रवराला त्यांच्या घरी नुसता पंखा पुसायचा ठरला तरी आधी मेन स्विच बंद होतो, मग शेजारीपाजारी गोळा होतात आणि संध्याकाळी पंखा जमिनीवर असतो. अशा माणसाने लेकीच्या लग्नाला दहा दिवस उरले असताना मोबाईलवरून लेझर मशीन मागवलं. रुखवताच्या भांड्यांवर बाजारातून नावं टाकून आणायची सोडून हे स्वतः टाकणार! लेक एकदा म्हणाली होती, "बाबा, तुमच्या हातचं काहीतरी मला न्यायचंय." झालं, शब्द देऊन बसले.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, म्हणून मला बोलावणं. गेल्या गेल्या पहिला प्रश्न, "साडूभाऊ, ह्यात शाई कुठं भरायची?" शाई नसते, प्रकाशाने जळून अक्षर उमटतं, हे मी तीनदा समजावलं. तिन्ही वेळा "व्हय, व्हय" म्हणाले आणि शेवटी शाईची बाटली घेऊनच आले.

मशीनबरोबर डोळ्यांना लावायचा चष्मा एकच आला होता. तो साडूंनी लावायचा आणि मी, मेहुणीबाई आणि नवरी मुलगी अशा तिघांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, असा हुकूम. मागून आवाज यायचा, "निघालं, निघालं!" मग बराच वेळ खुडबुड. मग "वळा." वळून बघावं तर स्टीलचा डबा जसाच्या तसा चकचकीत, आणि त्यात साडूंचा भांबावलेला चेहरा. "आज लाईटच कमी हाय," ते म्हणायचे. असल्या छोट्या मशीनला चकचकीत स्टील दाद देत नाही, हे मलाही दोन दिवसांनी कळलं. आणि मी म्हणे कॉम्प्युटर शिकवतो!

मग लाकडी पोळपाट आणले. पहिल्याच्या कडेवर नाव उलटं आलं, दुसऱ्यावर तिळाएवढं. तिसऱ्यातून धूर निघाला तेव्हा मेहुणीबाई तांब्याभर पाणी घेऊन धावल्या. मी कसाबसा आधी प्लग उपटला. लग्न परवावर आलेलं. "बाजारातून टाकून आणू का हो?" मेहुणीबाईंनी हळूच विचारलं. साडूंनी चौथा पोळपाट उचलून मशीनखाली ठेवला. मी प्लग पुन्हा लावला.

चौथा मात्र निघाला! कडेला सरळ, तपकिरी अक्षरांत 'वैशाली'. पोरीने त्यावरून बोट फिरवलं आणि रडायलाच लागली.

पाठवणीच्या वेळी टेम्पोत सामान चढलं, पण पोळपाट सापडेना. शोधलं तर साडूंच्या काखेत.

"अहो, द्या की तो!" मेहुणीबाई म्हणाल्या.

"जळका वास येतोय अजून. सासरची मानसं काय म्हनतील? वास गेला की मी नेऊन देतो."

लेक क्षणभर बापाकडे बघत राहिली. "मग तुम्हीच घेऊन या, बाबा. कुणाबरोबर पाठवू नका."

लेकीच्या घरी विनाकारण जाणं साडूंना मुळीच पसंत नाही. पण पोळपाट पोचवायचा म्हणून ते दर महिन्याला राहात्याला तिच्या सासरी जातात. पिशवीत घालून नेतात, चहा पितात, लेकीशी तासभर बोलतात, आणि वास गेला नाही म्हणून पुन्हा पिशवीत घालून परत आणतात.

परवा गेलो तर पिशवी दारातच भरून ठेवलेली. त्यांनी पोळपाट काढून माझ्या नाकाशी धरला. "साडूभाऊ, तुमीच सांगा. हाय न्हवं अजून?"

मी चांगला हुंगून पाहिला. वासबीस काही नव्हता.

"आहे हो," मी म्हणालो, "अजून बराच आहे."