भाग न जाणारी वीस आकडी संख्या

एकापासून दहापर्यंत आकडे सलग लिहायचे आणि तसंच उलटं एकापर्यंत परत यायचं: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. ही मूळसंख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलेच. दिसायला पोरखेळ आणि वागायला इतकी ताठ! एम.एस्सी.च्या प्रकल्पाला हीच घ्यायची, असं मी ठरवून टाकलं.

मार्गदर्शक सरांनी माझा प्रस्तावाचा कागद वाचला आणि परत दिला. "तुम्ही मोखाड्याच्या ना? मग कुपोषणाच्या आकडेवारीवर करा. तुमच्या लोकांना उपयोग होईल."

त्यांची सही नाही तर प्रकल्प नाही, आणि प्रकल्प नाही तर वर्ष वाया. वर्गातल्या शहरी मुलींपैकी एकीलाही त्यांनी तिच्या गल्लीतल्या गटारांवर प्रकल्प करायला सांगितलं नव्हतं. डोकं तापलं होतं. तशीच गावाकडे, खोडाळ्याच्या एसटीत बसले.

घरी पोचले तर पाड्याने मिळून माशांसाठी ओढ्यातला डोह उपसला होता. माझे वडील पळसाच्या पानांवर दर घरामागे एक असे माशांचे वाटे घालत होते. वाटे सारखेच व्हायला हवेत, आणि उरतील ते मासे पोरांनी तिथेच भाजून खायचे, अशी आमच्याकडची रीत. मी शेजारी बसून त्यांना माझी संख्या सांगितली. एवढे मासे असले तर कितीही वाटे घाला, काहीतरी उरणारच. प्रत्येक वाट्यात एकच मासा टाकला तरच हिशेब जुळेल.

"सगलं वाटं घालून बघितलंस का तू?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"न घालताच कळतं, बाबा. तेच शिकायचंय मला."

आणि ते खरंच आहे. एकेक भाजक तपासायचा तर साडेतीन अब्जांपर्यंत जावं लागेल. त्यापेक्षा संख्येतून एक वजा करायचा. ही शेजारीण सम, तिचे तुकडे पडतात. त्या तुकड्यांच्या आधारे माझ्या संख्येचे तुकडे पडत नाहीत हे सिद्ध करता येतं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

"मंग शिक ना," बाबा म्हणाले आणि पुढचं पान ओढलं.

सोमवारी तोच कागद, एक अक्षरही न बदलता, सरांच्या टेबलावर ठेवला.

"आणि कुपोषण?"

"सर, भूक मला माहीत आहे. जे माहीत नाही ते शिकायला मी इथे आलेय."

"पण या संख्येचा तुमच्या लोकांना उपयोग काय?"

"काहीच नाही. ज्याचा उपयोग नाही असंही काहीतरी आम्हाला हवंय."

सरांनी कागद पुन्हा वाचायला घेतला. त्यांनी बसा म्हटलं नव्हतं, तरी मी खुर्ची ओढली आणि बसले. सही झाल्याशिवाय मी तिथून हलणार नव्हते.