छातीच्या उंचीवरचा पट्टा

वनखात्याची जीप चालवणाऱ्या माणसाने जंगलात जाताना पांढरा शर्ट घालू नये, हे मेहुण्याला त्याच्या ताईने बजावलं होतं. पण ताईचं ऐकेल तो मेहुणा कसला! झाडांची मोजणी आटोपत आली, भावोजी टेप गुंडाळू लागले, तेव्हा हा गडी शेवटच्या झाडाला ऐसपैस टेकला. नेमका ताज्या लाल रंगाच्या पट्ट्यावर.

"हल तिथून, बैला!" भावोजी ओरडले.

"असू द्या हो भावोजी, शर्ट काय, धुऊन निघेल."

"शर्ट गेला खड्ड्यात!" त्याला बाजूला सारून भावोजी आपल्या रुमालाने फिसकटलेला रंग टिपू लागले. रंगाखाली खिळ्याने कोरलेली आडवी रेघ दिसली, तेव्हा कुठे मेहुण्याला झाड ओळखू आलं. ती रेघ त्यानेच कोरली होती.

भावोजींना कचेरीत 'ज्योतिषी' म्हणत. झाडांचा घेर, उंची, वय संगणकाला खाऊ घालायचं आणि हे जंगल पुढे किती लाकूड देईल, कधी तोडलं तर हिताचं, ते सांगायचं, हे त्यांचं काम. आपण बसतो ती जीप सकाळी सुरू होईल की नाही ते सांगता यायचं नाही, पण झाडांचं भविष्य तोंडपाठ. मरणारी झाडंही त्यात धरलेली असत. "शंभरातली दोन जाणार, एवढं गणित सांगतं," ते म्हणायचे, "कोणती दोन, ते त्याला विचारू नका."

घेर मोजायचा तो छातीच्या उंचीवर, दर खेपेला त्याच जागी. म्हणून तो पट्टा. एका मोजणीच्या वेळी भावोजींची लेक टिल्ली बरोबर तेवढी झाली होती. "बाबा, उंची मोजायची काठी फेकून द्या, आता मी आहे ना!" असं म्हणत दिवसभर ती झाडाझाडाला पाठ लावून ताठ उभी राहिली. टाचा उचलते म्हणून मामाने तिला दोनदा पकडलं. शेवटच्या झाडावर त्याने तिच्या डोक्यालगत रेघ ओढली.

पुढच्या मोजणीला टिल्ली नव्हती. साध्या तापाचं निमित्त झालं.

घरच्या दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. ताईने स्वतः ब्रश घेऊन चौकट रंगवून टाकली. फोटो ट्रंकेत गेले. टिल्लीचं नाव त्या घरात कुणी काढत नाही. एकदा मेहुण्याच्या तोंडून चुकून निघालं, तर ताई वाढता वाढता उठून गेली ती परत आलीच नाही.

राहिली ती ही रेघ. झाड वर वाढतं ते शेंड्याने. खोडावरची खूण जिथल्या तिथे राहते. भावोजी दर मोजणीला तिथे क्षणभर हात ठेवत. मेहुणा तेवढ्यात जीपचं चाक तपासायचा.

दुपारी कचेरीत आकडे आले. या जंगलातल्या लाकडाची वर्षाची वाढ आता आजवरच्या सरासरीच्या खाली उतरली होती. म्हणजे वय झालं. उभं ठेवण्यात राम नाही.

"काय ज्योतिषीबुवा, तोडायचं की ठेवायचं?" साहेबांनी विचारलं. "फरक अगदी थोडा आहे. तुम्ही म्हणाल तसं."

मेहुणा दारातून डोळ्यांनी नाना खुणा करत होता. भावोजींनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा पुसला.

"तोडायचं," ते म्हणाले.

परतताना जीपमध्ये मेहुण्याला राहवेना. "ते एक झाड ठेवा म्हणाला असतात, तर साहेब काय नाही म्हणणार होते?"

"सगळ्यांच्या आधाराने वाढलेलं झाड आहे. एकटं ठेवलं तर पहिल्या वादळात आडवं होईल."

मेहुण्याने चढावर गिअर बदलला. मग हळूच म्हणाला, "मी तोडणाऱ्यांना सांगतो, भावोजी. तेवढा पट्ट्याचा तुकडा कापून घेऊ. हातभर. घरी आणू."

भावोजींनी लाल झालेला रुमाल घडी करून खिशात ठेवला.

"घरी तुझी ताई आहे."